कृष्णधवल फिल्म गेली, निगेटिव्हचे काय?

बुलडाणा जिल्ह्यातील खामगाव, मेहकर किंवा चिखली येथील एखाद्या जुन्या घरात गेल्यास दर्शनी भिंतीवर बहुधा दोन प्रकारची छायाचित्रे आढळतात. एक आजोबांचे. अंगात कोट, डोक्यावर टोपी, हातात काठी आणि मागे स्टुडिओतील रंगविलेला पडदा. दुसरे ऐंशीच्या दशकातील लग्नाचे, रंगीत. आजोबांच्या छायाचित्राला साठ-सत्तर वर्षे होऊन गेली, तरी त्यांच्या कोटाची वीण आजही डोळ्यांना दिसते. लग्नाच्या छायाचित्रातील हिरवा शालू मात्र तपकिरी पडला आहे आणि नवरा-नवरीचे चेहरे तांबूस झाले आहेत. जुने टिकले आणि नवे विटले, याचे कारण दोन्ही छायाचित्रे ज्या द्रव्यांनी बनली आहेत त्या द्रव्यांत दडलेले आहे.

जे टिकले ते कृष्णधवल छायाचित्र ज्या फिल्मवर आणि ज्या कागदावर उतरत असे, ते साहित्य गेल्या पंचवीस वर्षांत एकामागून एक बंद होत गेले. मोठ्या शहरांतील हौशी छायाचित्रकारांना आजही परदेशी बनावटीचा रोल अधिक पैसे मोजून मिळू शकतो. जिल्ह्याच्या गावातील व्यावसायिक छायाचित्रकाराच्या हातून मात्र हे माध्यम कायमचे गेले. त्याने त्यातून कोणत्या वाटा काढल्या आणि त्याच्या कपाटात शिल्लक राहिलेल्या हजारो निगेटिव्हचे पुढे काय होणार, हे दोन्ही प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत.

चांदीचे चित्र आणि रंगाचे चित्र

कृष्णधवल फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा अतिशय पातळ थर आणि त्या थरात विखुरलेले चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण. कॅमेऱ्याचे झाकण क्षणभर उघडते तेव्हा ज्या कणांवर प्रकाश पडतो, त्यांच्यात डोळ्यांना न दिसणारा बदल घडतो. डेव्हलपर नावाचे द्रावण नेमक्या त्याच कणांचे रूपांतर शुद्ध धातुरूप चांदीत करते. इतके बारीक झालेले चांदीचे कण चकाकत नाहीत, ते काळे दिसतात. ज्या कणांवर प्रकाश पडला नाही ते हायपोच्या द्रावणात विरघळून निघून जातात. शेवटी स्वच्छ पाण्याने धुतले की निगेटिव्ह तयार होते. उजेड तेथे काळे आणि अंधार तेथे पारदर्शक, असे हे उलटे चित्र असते. एन्लार्जरच्या साहाय्याने ते ब्रोमाइड कागदावर पुन्हा उलटविले की छायाचित्र सुलटे होते.

रंगीत फिल्ममध्येही आरंभी चांदीच असते. परंतु तेथे तिचे काम मध्यस्थाचे. तीन थरांत तीन रंगद्रव्ये तयार होईपर्यंत ती राहते आणि नंतर रसायनांनी काढून टाकली जाते. मागे उरतात ती केवळ सेंद्रिय रंगद्रव्ये. कापडाचा रंग जसा उडतो तशीच तीही उडतात. त्या काळच्या रंगीत कागदांत निळसर रंगद्रव्य अल्बमच्या अंधारातसुद्धा इतरांच्या आधी क्षीण होत असे, म्हणून जुन्या अल्बममधील चेहरे तांबूस दिसतात. कृष्णधवल छायाचित्रात मात्र प्रत्यक्ष धातूच शिल्लक राहतो. नीट धुतलेले आणि कोरड्या जागी ठेवलेले असे छायाचित्र शंभर वर्षांनीही वाचता येते.

खामगावची ओळख चांदीसाठी दूरवर पसरलेली आहे. तेथील चांदीच्या शुद्धतेचा हवाला देऊन लोक खरेदीला येतात. त्याच गावातील स्टुडिओंच्या कपाटांत चांदीने बनलेली चित्रे अनेक दशके साठत होती, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. पुढे याच चांदीमुळे त्या निगेटिव्हवर संकट यावे, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

बारा छायाचित्रांचा रोल

साठ ते ऐंशीच्या दशकांतील तालुक्याच्या गावचा स्टुडिओ म्हणजे दोन खोल्यांचा संसार. पुढे पडदा, दिवे आणि बाक. मागे लाल दिव्याची डार्करूम. व्यक्तिचित्रांसाठी प्रामुख्याने १२० क्रमांकाचा रोल वापरला जाई आणि चौरस चौकटीच्या कॅमेऱ्यात त्यावर बारा छायाचित्रे निघत. बाराच असल्यामुळे प्रत्येक वेळी बटण दाबण्यापूर्वी विचार करावा लागे. ग्राहकाची मान सरळ करणे, हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगणे, लहान मुलाचे लक्ष वेधणे, हे सारे फिल्मच्या किमतीने शिकविलेले कसब होते. नंतर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने टचिंग करून चेहऱ्यावरचे व्रण सौम्य केले जात. कोणाला हवे असल्यास तयार छायाचित्रावर हाताने रंग भरून दिले जात.

फिल्म तीन-चार नावांची मिळे. पूर्व जर्मनीतील वोल्फेन येथे तयार होणारी ‘ओर्वो’ फिल्म भारताच्या त्या देशाशी असलेल्या व्यापारामुळे येथे सहज उपलब्ध होती आणि तिचा वापर वृत्तपत्रांपासून चित्रपटांपर्यंत सर्वत्र होत होता. दुसरी स्वदेशी, ‘इंदू’. केंद्र सरकारने तमिळनाडूतील उटी येथे १९६० मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापन केली आणि १९६७ पासून तेथून फिल्म बाहेर पडू लागली. फिल्मनिर्मितीला धूळविरहित, थंड हवा लागते, म्हणून निलगिरीच्या डोंगरावरील जागा निवडली गेली. छायाचित्रणाची फिल्म, ब्रोमाइड कागद आणि रुग्णालयांसाठी क्ष-किरण फिल्म असे साहित्य या कारखान्यातून देशभर जात असे.

उटीची थंड हवा बुलडाणा जिल्ह्याच्या वाट्याला आलेली नव्हती. डेव्हलपरचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास असावे, असे प्रत्येक पाकिटावर छापलेले असे. घाटाखालील मलकापूर, नांदुरा, खामगाव या पट्ट्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. इतक्या उष्णतेत जिलेटिन फुगते, मऊ पडते आणि प्रसंगी पट्टीपासून सुटते. त्यामुळे फिल्म धुण्याचे काम रात्री किंवा पहाटे करणे, द्रावणाचे भांडे माठातील पाण्यात किंवा बर्फात ठेवणे, जिलेटिन फार फुगू नये म्हणून डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट मिसळणे, असे उपाय उष्ण प्रदेशातील छायाचित्रकारांनी अंगवळणी पाडून घेतले होते.

दुसरी अडचण पाण्याची. हायपो पूर्ण निघून जाण्यासाठी वाहत्या पाण्यात बराच वेळ धुलाई करावी लागते आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांत ती चैनच होती. अपुऱ्या धुलाईमुळे कागदात राहिलेला हायपो कालांतराने चांदीवर परिणाम करतो आणि छायाचित्र पिवळे पडते. जुन्या छायाचित्रांपैकी काही निर्दोष आणि काही डागाळलेली का आढळतात, याचे उत्तर अनेकदा त्या वर्षीच्या पाणीटंचाईत शोधावे लागेल.

त्यात दळणवळणाची भर. मुंबई-नागपूर लोहमार्ग जिल्ह्याच्या उत्तर भागातून, मलकापूर, नांदुरा, शेगाव असा जातो. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार ही गावे रेल्वेपासून दूर. तेथे रोल, कागद आणि रसायनांची पाकिटे एस.टी.नेच यायची. वृत्तपत्राकडे पाठवावयाचे छायाचित्रही एस.टी.नेच शहराकडे जायचे. पुरवठ्याची ही साखळी बारीक होती. मागणी कमी होताच पहिल्यांदा तुटली ती हीच कडी.

कारखाने का बंद पडले?

डिजिटल कॅमेरा आला आणि फिल्म गेली, असे सर्रास म्हटले जाते. जिल्ह्याच्या गावांपुरते ते अर्धेच खरे आहे. कृष्णधवलला पहिला धक्का रंगीत फिल्मने दिला. रंगीत रोल धुणारी स्वयंचलित यंत्रे ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत लहान शहरांपर्यंत पोहोचली. यंत्राने तासाभरात होणारे रंगीत छायाचित्र स्वस्त झाले आणि हाताने धुवावे लागणारे कृष्णधवल छायाचित्र महाग ठरू लागले. लग्नसमारंभ तर केव्हाच रंगीत झाले होते. कृष्णधवल उरले ते परीक्षेच्या अर्जावर, ओळखपत्रावर आणि वृत्तपत्रात. अर्जांवरही रंगीत छायाचित्र मागितले जाऊ लागले, वृत्तपत्रांची पाने रंगीत झाली, तेव्हा तोही आधार गेला. डिजिटल कॅमेऱ्याने नंतर केला तो शेवटचा घाव.

जगाच्या पाठीवर हे सारे अत्यंत वेगाने घडले. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर वोल्फेनचा कारखाना नव्वदच्या दशकात मोडीत निघाला. उटीचा कारखाना त्याच दशकात आजारी उद्योगांच्या यादीत गेला आणि दीर्घकाळ रखडत अखेर बंद झाला. ब्रिटनमधील इल्फर्ड ही कृष्णधवल साहित्यासाठी प्रसिद्ध असलेली कंपनी २००४ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. जर्मनीच्या आग्फाफोटोने मे २००५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. पाठोपाठ जूनमध्ये कोडॅकने कृष्णधवल कागदाचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय घोषित केला. २००६ मध्ये निकॉनने बहुतेक फिल्म कॅमेरे बंद केले आणि कोनिका मिनोल्टाने छायाचित्रणाचा व्यवसायच सोडला. कोडॅकची प्लस-एक्स ही लोकप्रिय फिल्म २०११ मध्ये बंद झाली आणि जानेवारी २०१२ मध्ये खुद्द कोडॅकने अमेरिकेत दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागितले.

मागणी निम्मी झाली तर कारखान्याने निम्मे उत्पादन करून तग का धरू नये, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. फिल्मच्या निर्मितीतच त्याचे उत्तर आहे. रुंद पट्टीच्या प्रचंड लांबीच्या गुंडाळीवर संपूर्ण अंधारात, मिलिमीटरच्या अंशाइतके पातळ थर एकसारखे चढविणारी ही यंत्रे सतत मोठ्या प्रमाणावर चालण्यासाठीच उभारलेली असतात. एकदा यंत्र सुरू केले की अफाट माल तयार होतो. तो साठवून दहा वर्षे विकावा म्हटले, तर फिल्मला मुदत असते. थोडा माल काढला तर प्रत्येक रोलमागचा खर्च परवडत नाही. शिवाय या कारखान्यांचा मोठा आधार चित्रपटगृहांत जाणाऱ्या प्रती आणि रुग्णालयांतील क्ष-किरण फिल्म हा होता. तोही डिजिटल झाला. यंत्रे, कारागीर आणि कच्चा माल पुरविणारे कारखाने ही सारी साखळी एकदम सैल पडली.

ज्यांनी आकार वेळीच लहान केला ते वाचले. इल्फर्डचा कृष्णधवल विभाग त्याच कंपनीतील व्यवस्थापकांनी २००५ मध्ये विकत घेतला आणि हार्मन टेक्नॉलॉजी या नावाने तो आजतागायत फिल्म बनवितो आहे. झेक प्रजासत्ताकातील फोमा ही कंपनीही चालू आहे. कोडॅकची ट्राय-एक्स फिल्म दिवाळखोरीतून वाचून अद्याप मिळते. जपानच्या फुजीफिल्मने २०१८ मध्ये आपली अखेरची कृष्णधवल फिल्म बंद केली होती. मागणीचा जोर पाहून २०१९ मध्ये तिची नवी आवृत्ती तिला बाजारात आणावी लागली. म्हणजे जगातून कृष्णधवल फिल्म नाहीशी झालेली नाही. ती उदरनिर्वाहाच्या धंद्यातून निघून हौशीच्या आणि कलेच्या प्रांतात गेली आहे.

छायाचित्रकारांनी काढलेल्या वाटा

साहित्य दुर्मिळ होऊ लागले तेव्हा जगभरच्या छायाचित्रकारांनी नाना उपाय केले. पहिला उपाय साठवणुकीचा. फिल्म अतिथंड कपाटात ठेवल्यास मुदतीनंतरही काही वर्षे चालते. परंतु २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने सोसलेले तासन्‌तासांचे भारनियमन आठवले, की विदर्भातील लहान गावात हा उपाय किती निरुपयोगी होता हे ध्यानात येईल.

दुसरा उपाय तडजोडीचा. रंगीत फिल्मच्याच रसायनांत धुता येईल अशी खास कृष्णधवल फिल्म काही कंपन्यांनी काढली होती. गावातील रंगीत लॅबमध्ये ती धुऊन मिळे, डार्करूम लागत नसे. मात्र तिच्यातील चित्र रंगद्रव्याचे, चांदीचे नव्हे. कृष्णधवलचे रूप तेवढे लाभले, त्याचे दीर्घायुष्य लाभले नाही. पुढे रंगीत लॅबच बंद पडू लागल्यावर या सोयीचाही उपयोग उरला नाही.

तिसरा उपाय जुन्या विद्येकडे परतण्याचा. डेव्हलपरचे पाकीट मिळत नसेल, तर तो घरी बनविता येतो. कोडॅकच्या डी-७६ या डेव्हलपरचे सूत्र १९२७ पासून सर्वांना खुले आहे. एक लिटर पाण्यात २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन आणि २ ग्रॅम बोरॅक्स. रसायनांच्या दुकानात ही द्रव्ये मिळतात आणि तराजू चांगला असला की काम भागते. पाण्याची टंचाई असेल तेथे इल्फर्डने सुचविलेली पद्धत उपयोगी पडते. टाकीत पाणी भरून पाच वेळा उलटसुलट करावे, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. तीन टाक्या पाण्यात फिल्म धुऊन निघते. काहींनी चित्रपटासाठी बनणारी कृष्णधवल फिल्म कापून रोल भरले. मोठ्या आकाराचे कॅमेरे वापरणाऱ्यांनी स्वस्त क्ष-किरण फिल्मवर छायाचित्रे काढून पाहिली. तिला तांबडा रंग दिसत नाही, त्यामुळे ओठ काळे येतात आणि गोरा चेहराही सावळा दिसतो, हे मान्य करूनच ती वापरावी लागते.

चौथा उपाय डिजिटल छायाचित्रालाच कृष्णधवल करण्याचा. तो सोपा आहे आणि आज सर्वाधिक वापरात आहे. परंतु संगणकावर केवळ रंग काढून टाकणे म्हणजे कृष्णधवल नव्हे. तांबड्या पागोट्याला आणि हिरव्या पानाला राखाडी रंगाची कोणती छटा द्यायची, हे फिल्मच्या काळात छायाचित्रकार भिंगापुढे पिवळा वा तांबडा फिल्टर लावून ठरवीत असे. आज तोच निर्णय संगणकाच्या पडद्यावर घ्यावा लागतो. ज्याने डार्करूममध्ये वर्षे घालविली त्याची नजर येथेही उपयोगी पडते. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन कृष्णधवल छायाचित्रांतून मांडणाऱ्या सुधारक ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. रंग वगळल्यावर पाहणाऱ्याचे लक्ष माणसाच्या चेहऱ्यावर आणि त्याच्या स्थितीवर कसे खिळते, हे त्यांच्या कामातून समजून घेता येते.

तालुक्याच्या गावातील बहुसंख्य छायाचित्रकारांना मात्र प्रयोगांना सवड नव्हती. त्यांना दुकानाचे भाडे भरायचे होते. त्यांनी व्हिडिओ चित्रण धरले, संगणकावर अल्बम जुळविण्याचे काम शिकून घेतले, झेरॉक्सचे यंत्र आणले, फ्लेक्सचे फलक छापले. डार्करूमच्या जागी छपाईयंत्र आले आणि एन्लार्जर माळ्यावर गेला. पुढे प्रत्येकाच्या हाती मोबाइल आल्यावर यांपैकीही अनेकांची दुकाने मिटली. परिस्थितीशी जुळवून घेण्याची ही रीत गौरवाने सांगितली जात नाही, तरी तिच्यामागील कष्ट थोडे नव्हते. वयाच्या चाळिशी-पन्नाशीत हातचे कसब निरुपयोगी ठरलेल्या माणसाने नवे यंत्र शिकून घर चालविले, हे विसरून चालणार नाही.

अजिंठ्याच्या डोंगरातील धडा

साहित्य बदलले की छायाचित्रकाराला नव्याने शिकावे लागते, हा अनुभव या परिसराला नवा नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमला गेला. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यामुळे मराठी वाचकांना तो परिचित आहे. गिलने पुढे कॅमेराही हाती घेतला. १८६०च्या दशकात त्याने अजिंठा-वेरूळबरोबरच बुलडाणा जिल्ह्यातील लोणार येथील मंदिरांचीही छायाचित्रे काढली. १८६४ मध्ये त्याच्या छायाचित्रांची पुस्तके लंडनमध्ये प्रसिद्ध झाली.

त्या काळी फिल्म विकत मिळत नव्हती. तेव्हा सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत छायाचित्रकार काचेवर स्वतः रसायनाचा थर देई, ती चांदीच्या द्रावणात बुडवी, ओली असतानाच कॅमेऱ्यात घाली आणि वाळण्यापूर्वी धुऊन काढी. फिल्म बनविणारा आणि छायाचित्र काढणारा असा भेदच नव्हता. पुढे कोरड्या काचा आणि नंतर रोल तयार मिळू लागले, काम सोपे झाले आणि छायाचित्रण गावोगावी पोहोचले. या सोयीची किंमत मात्र शंभर वर्षांनी चुकवावी लागली. जो छायाचित्रकार आपले साहित्य स्वतः बनवीत होता, तो आता दूर देशीच्या कारखान्यावर पूर्णतः अवलंबून राहिला. कारखान्याने पुरवठा थांबविला तेव्हा त्याच्या हाती विद्या होती, द्रव्य नव्हते.

गिलच्या आयुष्यातील दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. वर्षानुवर्षे खपून त्याने रंगविलेल्या प्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ मध्ये तेथे लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक जळून गेल्या. छायाचित्रे मात्र आजही पाहावयास मिळतात, कारण एका निगेटिव्हवरून अनेक प्रती निघाल्या होत्या आणि त्या ठिकठिकाणी पोहोचल्या होत्या. गिल १८७९ मध्ये वारला आणि भुसावळला त्याचे दफन झाले. त्याच्या मागे छायाचित्रे राहिली ती प्रतींमुळे.

रद्दीत जाणारा इतिहास

जिल्ह्यातील जुन्या स्टुडिओंच्या निगेटिव्हना आज याच दृष्टीने पाहावे लागेल. स्टुडिओ बंद होतो, मुले दुसऱ्या व्यवसायात असतात, दुकानाची जागा रिकामी करायची असते. अशा वेळी पत्र्याच्या डब्यांतील निगेटिव्ह अडगळ ठरतात. जुनी क्ष-किरण फिल्म आणि निगेटिव्ह चांदी काढण्यासाठी भंगारवाले घेतात. एका रोलमधील चांदी ग्रॅमच्या अंशातच मोजावी लागते. म्हणजे आयुष्यभराचा संग्रह विकूनही हाती येते ती किरकोळ रक्कम. काचेच्या निगेटिव्हवरील थर धुऊन ती काच तसबिरीला वापरल्याची उदाहरणेही या व्यवसायात सांगितली जातात.

जे विकले जात नाही ते आपोआप नासते. १९५०च्या आधीची काही फिल्म नायट्रेटची, म्हणजे अत्यंत ज्वालाग्राही असे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साठ्यातील नायट्रेट रिळांना आग लागून अनेक जुन्या चित्रपटांची मूळ रिळे नष्ट झाली. नंतरची फिल्म अ‍ॅसिटेटची. तिला आगीचे भय नाही, पण उष्णता आणि दमटपणा यांमुळे तिच्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटू लागते. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ऱ्हास सुरू झाला असे समजावे. हे आम्लच पुढील ऱ्हास वाढविते आणि शेजारच्या निगेटिव्हनाही बाधते. पट्टी आक्रसते, थराला सुरकुत्या पडतात आणि चित्र हाती लागत नाही. पावसाळ्यात जिलेटिनवर बुरशी चढते ती वेगळीच.

या डब्यांत नेमके काय आहे, याचा विचार केला तर हानीची कल्पना येईल. शाळांचे वर्गनिहाय फोटो, लग्ने, अंत्यदर्शने, बाजार समितीतील सभा, शेगावची पालखी, सिंदखेड राजा येथील जिजाऊ जन्मोत्सव. सरकारी अर्जासाठी आयुष्यात एकदाच स्टुडिओत बसलेल्या शेतमजूर स्त्रीचे ते एकमेव छायाचित्र असू शकते. लोणार सरोवराच्या काठावर सहलीला गेलेल्या विद्यार्थ्यांच्या मागे त्या वर्षीची पाण्याची पातळी आणि काठावरची झाडी टिपली गेलेली असते. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा त्याची रंगीत छायाचित्रे काही तासांत सर्वत्र पोहोचली. त्याच सरोवराची साठ वर्षांपूर्वीची स्थिती पाहावयाची तर कृष्णधवल निगेटिव्हलाच शरण जावे लागेल. ते उरले असेल तर.

काय करता येईल?

या कामाला मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. निगेटिव्ह प्लास्टिकच्या साध्या पिशव्यांतून काढून आम्लविरहित कागदाच्या पाकिटांत किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या कप्प्यांत ठेवावीत. पीव्हीसीच्या पिशव्या टाळाव्यात. आंबट वास येणारी निगेटिव्ह वेगळी काढावीत आणि त्यांची नक्कल सर्वप्रथम करावी. कपाट स्वयंपाकघराला, न्हाणीघराला किंवा पावसाची ओल येणाऱ्या भिंतीला लागून नसावे. पत्र्याच्या छपराखालील माळा ही विदर्भातील उन्हाळ्यात सर्वांत वाईट जागा होय.

नक्कल करण्यासाठी निगेटिव्ह स्कॅन करणारे यंत्र उत्तम. ते नसल्यास पांढऱ्या प्रकाशाच्या सपाट पेटीवर निगेटिव्ह ठेवून डिजिटल कॅमेऱ्याने जवळून छायाचित्र घ्यावे आणि संगणकावर ते उलटवावे. मोबाइलच्या पांढऱ्या पडद्याचा प्रकाश म्हणून उपयोग करायचा असेल, तर निगेटिव्ह पडद्यापासून थोडे उंच धरावे, अन्यथा पडद्यावरील ठिपके चित्रात उमटतात. नक्कल झाली म्हणून मूळ निगेटिव्ह फेकू नये. संगणकातील फाइल दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवावी लागते. चांदीच्या निगेटिव्हला तेवढी देखभाल लागत नाही, ते उजेडासमोर धरले तरी वाचता येते.

सर्वांत निकडीचे काम नावांचे आहे. पाकिटावरचे क्रमांक आणि नोंदवहीतील नावे जुळविणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. कोण, कोठे, कधी, हे त्यांनाच ठाऊक. चित्र स्कॅन होईल, पण नाव हरवले तर त्या चेहऱ्याला ओळख उरणार नाही. ‘फ्रेंच इन्स्टिट्यूट ऑफ पाँडिचेरी’ने ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने २०१०च्या दशकात तमिळनाडूतील जुन्या स्टुडिओंची छायाचित्रे आणि निगेटिव्ह शोधून त्यांच्या नकला जतन करण्याचे काम केले. बुलडाणा जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना, ग्रंथालयांना आणि छायाचित्रकारांच्या संघटनांना असे काम लहान प्रमाणात हाती घेणे अशक्य नाही. एका गावातील एका बंद स्टुडिओपासून आरंभ करता येईल. एक विद्यार्थी, एक कॅमेरा, एक वही आणि शेजारी बसून नावे सांगणारा तो जुना छायाचित्रकार एवढे पुरे आहे.

नवा कृष्णधवल रोल हवा असल्यास तो आजही मागविता येतो. उद्या आणखी एखादा कारखाना बंद पडला तरी दुसरा कोठे तरी सुरू राहील. साठ वर्षांपूर्वी खामगावच्या किंवा मेहकरच्या स्टुडिओत एका सकाळी काढलेले निगेटिव्ह मात्र कोणत्याही कारखान्याला पुन्हा बनविता येणार नाही. ते चांदीच्या भावाने विकण्यापूर्वी डबा एकदा उजेडात उघडून पाहावा, इतकेच त्या छायाचित्रकाराच्या कष्टांचे मोल म्हणून करता येण्याजोगे आहे.